हत्यारांचे हस्तांतर : हौशी कारागिरांच्या देवघेवीचा इतिहास

खंडेनवमीच्या दिवशी आपल्या घरोघरी शस्त्रपूजा होते. तलवारी आणि भाले आता बहुतेकांच्या घरी उरलेले नाहीत. त्यांच्या जागी पान्हा, पक्कड, हातोडी, एखादा रंधा, शिवणयंत्र, फार तर विळी आणि कात्री अशी मंडळी पाटावर येऊन बसतात. त्यांना हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते आणि त्या दिवसापुरती त्यांना विश्रांती मिळते. या विश्रांतीत एक गृहीत आहे. दसऱ्यानंतर हत्याराने पुन्हा कामाला लागावयाचे असते. परंतु आपल्यांपैकी अनेकांच्या घरी पाटावरून उचललेले हत्यार पेटीत जाते ते थेट पुढल्या खंडेनवमीलाच बाहेर येते. एक दिवस पूजा आणि उरलेले वर्षभर गंज, असा हा क्रम असतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या परिचयातील एक वृद्ध गृहस्थ निवर्तले. नोकरीच्या निमित्ताने ते या शहरात आले आणि येथेच स्थायिक झाले. मागच्या पडवीत त्यांनी एक छोटीशी कार्यशाळा थाटली होती. कानशींचे संच, तऱ्हेतऱ्हेच्या पटाश्या, हाताने फिरवावयाचे ड्रिल, लाकडी पेटीत निगुतीने लावून ठेवलेले टॅप आणि डाय हे सारे त्यांनी चाळीस वर्षांत एकेक करून जमविले होते. मुले दूरदेशी होती. घर रिकामे करावयाचे ठरले तेव्हा ती सारी हत्यारे भंगारवाल्याने किलोच्या भावाने नेली. पुढे कळले की, दोनच गल्ल्या पलीकडे राहणारा एक मुलगा विमानांच्या प्रतिकृती करण्याच्या नादाने झपाटला होता आणि त्याच सुमारास एका बऱ्याशा ड्रिलसाठी पैसे साठवीत होता. यात दोष कोणाचाच नव्हता. मुलांना त्या मुलाचा पत्ता नव्हता आणि त्या मुलाला पडवीचा पत्ता नव्हता. दोघांची गाठ घालून देणारे कोणी नव्हते, एवढेच.

ही गाठ घालून देण्याची काही व्यवस्था जगात कोठे निर्माण झाली होती काय, या जिज्ञासेतून प्रस्तुत लेख लिहिला आहे. अशी व्यवस्था इंग्लंडमध्ये गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत घडत गेली. तिचा इतिहास मनोरंजक तर आहेच. परंतु आपणांस विचार करावयास लावणाराही आहे.

वंशाचे हत्यार

आपल्या गावगाड्यात सुताराचा वाकस सुताराच्या मुलाकडे जाई आणि लोहाराचा भाता लोहाराच्या. बलुतेदारीत हत्यार म्हणजे वतनाचेच एक अंग होते. त्यामुळे कसब टिकले, हे निर्विवाद आहे. तथापि त्याची दुसरी बाजूही होती. लोहाराच्या घरी न जन्मलेल्या मुलाला ऐरणीची ओढ लागली तर त्याला वाट नव्हती. आणि लेखणीच्या घरात जन्मलेल्याने रंधा हाती धरणे हे तर हलकेपणाचे मानले जाई.

इंग्लंडची स्थितीही एकेकाळी पुष्कळशी अशीच होती. तेथे जातीच्या जागी व्यवसायसंघ होते. १५६३ च्या कायद्याने प्रस्थापित धंद्यांत शिरू पाहणाऱ्याला किमान सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली. उमेदवारीची ही सक्ती १८१४ साली रद्द झाली, म्हणजे अडीचशे वर्षे टिकली. उस्तादाची हत्यारे, त्याच्या युक्त्या आणि त्याची गुपिते या तिन्ही गोष्टी कार्यशाळेच्या उंबरठ्याच्या आत राहत.

या उंबरठ्याला पहिला तडा एका पुस्तकाने दिला. जोसेफ मॉक्सन हा लंडनमधील नकाशे, पृथ्वीगोल आणि गणिती उपकरणे यांचा व्यापारी. त्याने १६७८ च्या आरंभापासून ‘मेकॅनिक एक्सरसायझेस’ या नावाने मासिक भागांत लोहारकाम, सुतारकाम आणि कातकाम यांची सचित्र माहिती छापण्यास प्रारंभ केला. कानस कशी धरावी, रंध्याचे पाते किती पुढे काढावे, लेथवर लाकूड कसे चढवावे, या गोष्टी ज्याला वाचता येते अशा कोणालाही प्रथमच खुल्या झाल्या. त्याच वर्षी मॉक्सन लंडनच्या रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. विद्वानांच्या त्या सभेत एका व्यावसायिकाला स्थान मिळाले ही त्या काळी लहान घटना नव्हती.

राजवाड्यातील लेथ

पुस्तक मिळाले तरी हत्यार हाती येणे सोपे नव्हते. चांगले हत्यार महाग होते, म्हणून हौसेचे पहिले कारागीर राजवाड्यांत निपजले. रशियाचा झार पीटर १६९७ साली हॉलंडमधील जहाजाच्या गोदीत सुताराप्रमाणे राबला, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याची खरी आवड कातकामाची. आंद्रेई नार्तोव्ह हा त्याचा लेथवरील गुरू आणि सहकारी. नार्तोव्हने बांधलेला एक लेथ आजही पॅरिसच्या तंत्रसंग्रहालयात पाहावयास मिळतो. फ्रान्समध्ये शार्ल प्ल्युमिए याने १७०१ साली केवळ कातकामावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे सोळावा लुई हा तर कुलपे करण्याच्या आणि कातकामाच्या छंदाबद्दल प्रसिद्धच होता.

या हौसेला व्यवस्थित रूप दिले ते लंडनच्या हॉल्ट्झॅप्फेल घराण्याने. या घराण्याचा मूळ पुरुष जॉन जेकब हा स्ट्रासबुर्गहून लंडनला आला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याने लेथ बांधण्याचा कारखाना काढला. हस्तिदंत आणि कठीण लाकूड यांवर नाजूक नक्षी कातणारे हे लेथ म्हणजे यंत्रकलेतील दागिनेच होते. शतकाहून अधिक काळात या कारखान्यातून सुमारे अडीच हजार लेथ बाहेर पडले. ग्राहक बहुधा सरदार, जमीनदार, धर्माधिकारी अथवा निवृत्त सेनाधिकारी असत.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, कारखान्याने प्रत्येक लेथवर क्रमांक कोरला आणि विक्रीची नोंदवही ठेवली. त्यामुळे आज कोणाच्या हाती असा लेथ आला तर मूळ कोणासाठी आणि कोणत्या साली तो बांधला, हे पुष्कळदा सांगता येते. मालक गेले, परंतु लेथ एका हौशी माणसाकडून दुसऱ्याकडे जात राहिले. १९४८ साली इंग्लंडमध्ये नक्षीदार कातकाम करणाऱ्यांची संस्था स्थापन झाली तेव्हा तिच्या सभासदांच्या घरी हेच जुने लेथ फिरत होते. आपल्याकडे घराण्यांच्या वंशावळी असतात. येथे वंशावळ यंत्राची आहे आणि तिच्यात रक्ताचे नाते कोठेही नाही. आवड हेच नाते.

कारकुनाच्या माडीवर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही हौस राजवाड्यातून उतरून कारकून, शिक्षक, दुकानदार यांच्या माडीवर आली. याला तीन कारणे झाली.

पहिले कारण आट्यांच्या प्रमाणीकरणाचे. पूर्वी प्रत्येक कारखान्याच्या स्क्रूचे आटे वेगळे असत. हॉल्ट्झॅप्फेलच्या लेथवर काही ठिकाणी एका इंचात ९.४५ आटे असा विलक्षण हिशेब होता. अशा लेथचा चक दुसऱ्याच्या लेथवर बसणे अशक्यच. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने ५५ अंशांच्या कोनाचे आणि ठराविक मापांचे आटे सुचविले व हळूहळू ते सर्वमान्य झाले. १८८४ पासून बारीक स्क्रूंसाठीही प्रमाण ठरले. एकाचे हत्यार दुसऱ्याच्या कामी येण्यास आधी दोघांचे माप एक असावे लागते, ही साधी गोष्ट आहे. पण तीवाचून पुढचे काहीच घडले नसते.

दुसरे कारण टपालाचे. १८४० साली इंग्लंडात एका पेनीत पत्र कोठेही जाऊ लागले. १८८३ च्या ऑगस्टपासून टपालाने पार्सलेही स्वीकारण्यास आरंभ झाला. प्रथम सात पौंडांपर्यंत, म्हणजे तीन किलोंहून थोडे अधिक, एवढीच मर्यादा होती. परंतु पटाश्यांचा जुडगा, एखादा छोटा व्हाइस अथवा टॅप-डायची पेटी तेवढ्यात सहज बसे. लेथसारख्या जड वस्तूंसाठी रेल्वे होतीच.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण नियतकालिकांचे. ‘इंग्लिश मेकॅनिक’ हे साप्ताहिक १८६५ साली निघाले. त्यात वाचक प्रश्न विचारीत आणि वाचकच उत्तरे देत. शिवाय वस्तूंच्या अदलाबदलीसाठी स्वतंत्र रकाना असे. एकाजवळ लेथ पडून आहे, त्याला दुर्बिणीचे भिंग हवे. दुसऱ्याजवळ सूक्ष्मदर्शक आहे, त्याला व्हाइस हवा, अशा धर्तीची ही देवघेव. १८६८ साली तर ‘एक्स्चेंज अँड मार्ट’ हे केवळ अशा खरेदी-विक्री आणि अदलाबदलीला वाहिलेले पत्र सुरू झाले. ते २००९ पर्यंत छापील रूपात निघत होते. जानेवारी १८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी ‘मॉडेल इंजिनिअर’ काढले. वाफेच्या इंजिनांच्या चालत्या प्रतिकृती घरी घडविणाऱ्यांसाठी ते होते. त्याच वर्षी अशा हौशी मंडळींची संस्थाही लंडनमध्ये स्थापन झाली.

येथे एक अडचण उभी राहिली. हौशी मंडळी दूरदूरच्या गावी राहणारी आणि एकमेकांस अनोळखी. आधी पैसे कोणी पाठवावयाचे आणि आधी वस्तू कोणी? पैसे घेऊन वस्तू न पाठविणारा लबाड निघाला तर? यावर या नियतकालिकांनी अनामतीची तोड काढली. घेणाऱ्याने रक्कम कचेरीत जमा करावयाची. कचेरीकडून तसे कळले की देणाऱ्याने हत्यार रवाना करावयाचे. हत्यार पसंत पडल्याचे पत्र आले की कचेरीने रक्कम त्याच्या हवाली करावयाची. नापसंत ठरले तर हत्यार परत आणि पैसेही परत. यात कचेरीचे शुल्क अल्प आणि काम मध्यस्थाचे. आपल्या गावात दोघांच्या व्यवहारात एखादे वडीलधारे गृहस्थ मधे राहत, तेच काम येथे एका छापील पत्राने केले. अनोळखी माणसांत विश्वास कसा उत्पन्न करावा, याचे हे उत्तर होते आणि ही सारी देवघेव त्यावर उभी राहिली.

हत्याराबरोबर काय येते

दोन महायुद्धांच्या काळात नवी यंत्रे युद्धकार्यासाठी खर्ची पडत आणि हौशी कारागिराला जुन्या हत्यारांवाचून गत्यंतर नसे. युद्ध संपल्यावर मात्र सरकारी साठ्यातील शिलकी हत्यारे बाजारात आली. नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन येथील मायफर्ड या कारखान्याने १९४६ साली ‘एम. एल. ७’ हा छोटा लेथ काढला. घरगुती कार्यशाळेचा तो जणू मानदंडच ठरला. मूळ कारखाना २०११ साली बंद पडला. तथापि त्याचे लेथ थांबले नाहीत. एका म्हाताऱ्याच्या शेडमधून दुसऱ्या तरुणाच्या शेडमध्ये ते अद्याप जात आहेत.

जुना लेथ पाहावयास गेलेला जाणकार रंगाकडे पाहत नाही. तो सॅडल चकजवळ आणून थोडी आवळतो आणि मग ती दुसऱ्या टोकाकडे सरकवितो. बहुतेक काम चकजवळ झालेले असते, म्हणून बेडची झीज तेथे अधिक असते. तेथे नीट सरकणारी सॅडल टोकाकडे अडकू लागली की बेड किती झिजला ते कळते. मग तो हँडल मागेपुढे हलवून स्क्रूमधील ढिलाई पाहतो आणि आटे पाडण्यासाठी बदलावयाची दंतचक्रे सगळी आहेत ना, हे मोजतो; कारण हरवलेले एक चक्र पुढे वर्षभर शोधावे लागते.

या पाहणीच्या वेळी जे संभाषण घडते ते मला व्यवहारापेक्षा मोलाचे वाटते. देणारा सांगतो, ‘हा थंडीत पहिली पाच मिनिटे कुरकुरतो, घाबरू नका. या बाजूला तेल जास्त लागते. पितळ कातताना हत्याराची धार अशी ठेवा.’ तीस वर्षांचा अनुभव पाऊण तासात दुसऱ्याच्या हाती जातो. दुकानातून आणलेल्या नव्या यंत्राबरोबर छापील पुस्तिका येते. हौशी माणसाकडून घेतलेल्या जुन्या यंत्राबरोबर त्याचा स्वभाव येतो.

या मंडळींत एक विनोद रूढ आहे. मी गेल्यावर पत्नी माझी हत्यारे मी तिला सांगितलेल्या किमतीला विकून टाकील, याचीच मला धास्ती वाटते, असे जो तो म्हणतो! विनोद सोडला तरी त्यामागील चिंता खरी आहे, आणि तिच्यावर तेथील स्थानिक मंडळांनी उपायही योजला. सभासद दिवंगत झाला की दोघेतिघे जाणकार त्याच्या घरी जातात, हत्यारांची यादी करतात, प्रत्येकाची वाजवी किंमत ठरवितात आणि ती गरजू सभासदांत वाटून येणारी रक्कम कुटुंबाच्या हाती देतात. आपल्या पडवीतील त्या हत्यारांना नेमके हेच मिळाले नाही.

आपल्याकडे काय घडले

आपल्याकडे हौस नव्हती असे कोणी म्हणू नये. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे चित्रकला शिकावयास मुंबईस गेले. रंग ओळखण्यात दृष्टिदोष आड आला, म्हणून ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिक्षक झाले. १८८८ साली त्यांनी रामूअण्णांसह बेळगावला सायकलींचे दुकान काढले. अमेरिकेतील यांत्रिक मासिके वाचून आणि हाताने करून पाहून ते शिकत गेले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. शंकर आबाजी भिसे यांनी आपोआप वजन करणाऱ्या यंत्राचा आराखडा पाठवून लंडनच्या एका नियतकालिकाची स्पर्धा जिंकली. महाराष्ट्राबाहेर बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि प्रा. गज्जर यांच्या परिश्रमाने १८९० साली कलाभवन निघाले. तेथे लेखणीच्या घरातील मुलेही हत्यार हाती धरू लागली.

हौस होती, बुद्धीही होती. कमी होती ती देवघेवीच्या साखळीची. जुनी हत्यारे आपल्याकडेही हात बदलीत. मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार कोणास ठाऊक नाही? परंतु तेथे हत्यार मालकाच्या घरातून निघते ते भंगार म्हणून, आणि विकले जाते ते नाव-गाव पुसून. देणारा आणि घेणारा कधी समोरासमोर येत नाहीत. त्यामुळे लोखंड पोचते, परंतु त्याबरोबरचे ज्ञान वाटेतच गळून जाते. मुळात आपल्याकडे हत्यार फार मोठ्या वर्गाच्या पोटापाण्याशी बांधलेले, आणि उरलेल्यांनी त्याला शिवणे कमीपणाचे मानलेले. उपजीविका आणि अप्रतिष्ठा यांच्या मधली छंदाची जागा आपल्या समाजात फार अरुंद राहिली.

पुढे १९५६ च्या कायद्याने आपल्या देशाने दशमान मापे स्वीकारली आणि काही वर्षांनी इंग्लंडही त्याच वाटेने गेले. तेथे इंची टॅप आणि डाय निरुपयोगी ठरले तेव्हा जुनी इंजिने दुरुस्त करणाऱ्या हौशी मंडळींनी ते एकमेकांत वाटून घेऊन जपले. आपल्याकडे किती व्हिटवर्थचे संच वितळले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

शेवटची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७९ च्या सुमारास इंग्लंडच्या दक्षिण भागात काही मंडळी एकत्र आली. घरोघरी पडून असलेली हत्यारे गोळा करावयाची, त्यांचा गंज काढावयाचा, धार लावावयाची, दांडे बसवावयाचे, आणि सुतार, लोहार, शिंपी यांच्या कामाप्रमाणे संच करून ते आफ्रिकेतील कारागिरांच्या गटांना पाठवावयाचे, असे काम त्यांनी आरंभिले. ‘टूल्स फॉर सेल्फ रिलायन्स’, म्हणजे स्वावलंबनासाठी हत्यारे, असे त्या संस्थेचे नाव. निवृत्त माणसे आठवड्यातून एखादा दिवस एकत्र बसून कोणा अनोळखी माणसाचा रंधा घासून लख्ख करीत. ज्या देशात एकेकाळी सात वर्षांच्या करारावाचून हत्यार मिळत नव्हते त्याच देशात, कधीही न भेटणाऱ्या माणसासाठी हत्याराला धार लावली जाऊ लागली. याच १९७९ साली अमेरिकेतील बर्कली येथे हत्यारांचे सार्वजनिक ग्रंथालय निघाले. पुस्तकाप्रमाणे करवत न्यावी आणि मुदतीत परत करावी, अशी तेथील पद्धत.

आपले मंडळ सुवर्णमहोत्सव साजरा करीत आहे. पन्नास वर्षांत आपण येथे गणपती बसविले, नाटके केली, ग्रंथालय चालविले. माणसांच्या गाठी घालून देणे हेच आपले काम होते आणि आहे. मग त्यात हत्यारांचीही भर का घालू नये? खंडेनवमीला ज्यांच्या घरी न वापरलेली हत्यारे आहेत त्यांनी ती मंडळात पूजेसाठी आणावीत. कार्यालयात एक वही ठेवावी. तीत हत्याराचे नाव, कोणी आणले, कोठून घेतले होते, त्याने काय काय घडविले, हे लिहावे. ज्याला हवे असेल त्याने ते दसऱ्याला घेऊन जावे, मोबदल्यात दुसरे द्यावे किंवा नुसता शब्द द्यावा की वापरीन. आणि देणाऱ्याने पाऊण तास बसून त्याचा स्वभाव समजावून सांगावा.

परप्रांतात आलेल्या कुटुंबांपाशी वडिलार्जित जमीन नसते, वाडा नसतो. पुढच्या पिढीला द्यावे असे फार थोडे असते. जे हाताने कमावले ते हातानेच द्यावे लागते. तो हात आपल्याच मुलाचा असला पाहिजे असे नाही. विमानांच्या प्रतिकृती करणारा तो मुलगा आता मोठा झाला असेल. त्याच्या धाकट्या भावंडांसाठी तरी वहीचे पहिले पान आपण यंदा उघडावे, एवढीच विनंती.